जाळीवाली जीप

सायलेन्सरच्या नळीत बोट घालून मी जीप पसंत केली. इंजिन बंद होतं. तेवढी अक्कल तेव्हा शाबूत होती.

हिंगोली जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. आमचं गाव नरसीच्या पलीकडं, काळ्या रानात. पावसाळ्यात मोटरसायकलला स्टँड लावायची गरज पडत नसे. चिखलात सोडून दिली तरी ती उभी राही. म्हणून मला चारही चाकांनी ओढणारी जुनी डिझेल जीप हवी होती, आणि तिच्यापायी बाबांनी बैलजोडी विकावी, असं माझं टुमणं होतं. शेवटी एकदा जेवताना बाबा म्हणाले, "जोडी देतो. पण पोळ्याला वेशीत आपला दुसरा मान हाय. त्या दिवशी मी मोकळ्या हातानं उभा राहणार न्हाई."

"जीप नेऊ की, बाबा. तीच आपली जोडी."

हे मी गावभर बोलूनही टाकलं. जाणत्यांनी हसून कबूल केलं, पण अट घातली: पाटलांच्या बैलांमागं जीप आपल्या पायानं तोरणाखालून गेली पाहिजे. ढकलावी लागली, तर मान माझ्या चुलत्याच्या जोडीला. चुलत्यानं त्या दिवसापासून बैलांना सरकीची ढेप वाढवली.

मी जातीचा संशयी. कुणी चहा दिला तरी आधी वाटतं, याचं काय काम असेल? जुन्या डिझेल गाडीचं दुखणं धुरात दिसतं, हे कुठंतरी ऐकलेलं. मग काय, कळमनुरीच्या बाजारात भेटेल त्याला मी बजावून आलो, "काळा धूर ओकणारी गाडी दाखवू नका. मी नळीला पांढरं धोतर लावून बघणार हाय." चोराला कुलपाचा नमुना आधीच नेऊन द्यावा, तसं हे झालं.

जीप एका ठेकेदाराची होती. मीटर फिरवला असेल, असा मला संशय आला. रंगाखाली गंज असेल, टायर घासून काळे केले असतील, असंही वाटलं. चहात साखर जास्त होती, त्याचाही संशय आला. ठेकेदार मात्र शांत. म्हणाला, "भाऊ, धुराला मागून जाळी बसवलेली हाय. काजळी सगळी आतच अडकते. हल्ली मोठ्या शहरात असंच करतेत."

मी मनात म्हणालो, थापा! जाळीबिळी काही नसणार. खाली बसलो आणि बोट घातलं. बोटाला तार लागली.

"बराबर हाय ना?"

बराबर होती. इंजिन चालू करून धोतर लावलं, तर डाग असा की फुंकरीनं जावा. मी खूश. जाळी आहे की नाही, एवढं मी पारखून घेतलं. ती का बसवलीय, हे विचारायचं राहिलं.

जीप घरी आली. सुरुवातीला चांगली धावली, मग तिची ओढ कमी होत गेली. पोळा जवळ येत चालला तशी ती जास्तच रेंगाळू लागली. नुसत्या चढालाही धापा टाकी. पंपवाला रॉकेल मिसळतो, असं ठरवून मी पंप बदलला. चुलत्यानं दृष्ट लावली, म्हणून पुढं लिंबू-मिरच्या बांधल्या. हिंगोलीचा मिस्त्री म्हणाला, "सायलेन्सर खोलून बघू का?" मी गाडी घेऊन तडक निघालो. हा माझी जाळी चोरणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

शेवटी संशय बाबांवर आला. रोज संध्याकाळी ते गोठ्यात जीपजवळ एकटेच बसत. बैलांचं दुःख असेल, डिझेलमध्ये काहीतरी टाकत असतील! एकदा मी कडब्याच्या गंजीआड लपलो. बाबांनी बैलांचं जुनं दावं बंपरला बांधलं, चाकांतला चिखल काडीनं उकरला आणि हळूच म्हणाले, "तेवढी वेस पार कर गं, माय." मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, मी लपलोय हे ह्यांना कळलेलं दिसतंय.

पोळ्याला आईनं बॉनेटवर झूल टाकली, बंपरला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. वेशीत पाटलांची जोडी पुढं, मग आम्ही, मागं चुलत्याचे पांढरेशुभ्र बैल. बाबा दावं धरून जीपपुढं उभे. तोरणाखालून निघायचा इशारा झाला. मी गिअर टाकला. जीप हलेना.

"ढकलू का रे?" चुलत्यानं मागून विचारलं, तेही फार प्रेमानं.

मी चिडून पाय दाबला. जीप थरथरली, घुसमटली आणि मागं गोळा सुटावा तसा आवाज झाला. नळीतून भांडी घासायच्या तारेच्या घासण्यांचा एक काळाकुट्ट बोळा सुटला आणि त्यामागून साठलेली सगळी काजळी. पांढरे बैल काळे झाले. चुलताही झाला. बैल बिथरले आणि आम्हाला, पाटलांनाही मागं टाकून थेट तोरणाखालून पार. घसा मोकळा झालेली जीप त्यांच्यामागं उसळली. बाबांनी दावं सोडून बाजूला उडी घेतली, म्हणून बरं. पाटील आपली जोडी आवरत होते, तोवर आम्हीही पलीकडं. म्हणजे ठरल्याप्रमाणे दुसरेच.

मान राहिला की गेला, यावर वेशीत भांडण पेटलं. बाबा त्यात पडले नाहीत. त्यांनी काठीनं तो बोळा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि नवीन जाळी बघावी तसा माझ्यापुढं धरला.

"ही काय?"

"ठेकेदारानं धुरासाठी बसवली होती," मी म्हणालो. "मी बोट घालून बघितली होती, बाबा."

अख्खी वेस ऐकत होती. बाबा म्हणाले, "बैल घेताना माणूस तोंडात बोट घालून दात बघतो. माझं पोरगं मागून बोट घालून आलं!"