दोन मार्कांचे चौदा

घाटकोपरच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरची सी लँग्वेज म्हणजे श्यामसुंदर परब सर. सव्वीस वर्षं. फळ्यावर दरसाल तोच प्रश्न: i ची किंमत पाच, तर ++i + ++i किती? ++ म्हणजे एकाने वाढवा. मग डस्टर टेबलावर आपटून, "बोला!"

"चौदा!" अख्खा वर्ग.

"बरोब्बर!"

यंदा तोच प्रश्न परीक्षेत आला आणि मनाली सोनावणेने चौदा लिहिलं नाही. तिने लिहिलं, ‘जावामध्ये तेरा. सीमध्ये याला उत्तर नाही.’ सरांनी शून्य दिलं. दोन मार्कांचा प्रश्न, आणि मनाली नेमकी दोन मार्कांनी नापास. अंधेरीच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र तिच्याकडे आलं होतं. अट एकच: एक तारखेच्या आत सगळे विषय सुटलेले हवेत.

ती कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"सर, हे सीचं प्रमाण. लोकांनी बसून ठरवलेले नियम. जावा ही दुसरी लँग्वेज, तिचे नियम सांगतात, आधी डावीकडचं करा, मग उजवीकडचं. सहा अधिक सात, म्हणून तेरा. सीचे नियम म्हणतात, असं एका दमात दोनदा वाढवलंत तर काय येईल याची हमी आमची नाही."

"लॅबमध्ये चौदा येतं ना?"

"लॅबमध्ये येतं, दोन्ही वाढी आधी करून सात अधिक सात. माझ्या भावाच्या लॅपटॉपवर तेरा येतं. प्रोग्रॅम मशीनला समजावून देणाऱ्या प्रत्येक कंपायलरची आपापली बोली, सर. तुम्ही आपल्या लॅबची बोली प्रमाण म्हणून शिकवलीत."

"पेपर मी तपासतो, मनाली. तुझं प्रमाण नाही तपासत."

ती कागद तिथेच ठेवून गेली.

‘बोली’ हा शब्द मात्र सरांबरोबर घरी आला. पाचवीत कुडाळहून मुंबईच्या शाळेत आले, तेव्हा निबंधात त्यांनी मुलीला ‘चेडू’ लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईत ‘प्रमाण भाषेत लिही’ असं खरडून दोन मार्क कापले होते. हा किस्सा ते स्टाफरूममध्ये बाईंच्या आवाजात करून दाखवायचे, लोक हसून लोळायचे.

ताट तसंच राहिलं. त्यांच्या पत्नी राधाकाकू म्हणाल्या, "काय झाला? जेवणार नाय?"

"एका चेडवाचा वाटोळा केलंय गो."

"मगे जावन सांगा. हंयसर बसान काय होतला?"

दुसऱ्या दिवशी ते विभागप्रमुख पद्मजा मॅडमसमोर उभे.

"परब, मार्क वर परीक्षा विभागात गेले. आता प्रश्नच चूक म्हणायचं, तर साठ पोरांचे चौदापण चूक. लिहून द्याल?"

"देतो."

"अहो, तुमच्याच नोट्स आहेत त्या. सव्वीस वर्षांची वाट लागेल."

"लागू दे."

त्यांनी तिथेच बसून लिहून दिलं: प्रश्न चुकीचा आहे, चूक माझी आहे. खाली सही, तारीख.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. एक तारीख मध्येच कुठेतरी उलटून गेली. परीक्षा विभागाने एका ओळीत कळवलं होतं: ‘उत्तरसूचीनुसार उत्तर चौदा. बदल शक्य नाही.’

सरांनी मनालीला फोन लावून ती ओळ वाचून दाखवली. मागे खूप जण एकदम बोलत होते.

"असू दे, सर. त्यांनी माझ्या जागी दुसरी घेतली. मी मुलुंडला कॉल सेंटरला लागले."

"मनाली, मी लिहून दिलं होतं, पण... तुझंच बरोबर होतं गं."

"माहितीये, सर."

"परत बसशील ना परीक्षेला?"

"बसेन ना. फॉर्म भरलाय." ती जरा हसल्यासारखी वाटली. "या वेळी चौदा लिहीन."

पोरांनी चौदा म्हटलं की ‘बरोब्बर’ म्हणायची सव्वीस वर्षांची सवय. शब्द ओठांपर्यंत आला. सरांनी तो गिळला आणि फोन नुसताच कानाशी धरून ठेवला.

"सर? ठेवू? ब्रेक संपला माझा."