नाळेच्या पेशी

आधीच सांगतो, मी मायक्रोबायोलॉजी शिकलेला माणूस. अंगात येणं, करणी, भास... असलं कुणी सांगू लागलं की मी सरळ उठून जायचो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. कारेगावजवळ एका कंपनीच्या आवारात स्टेम सेल्सच्या कामासाठी सामायिक लॅब होती. महागडी मशिन्स एकाच ठिकाणी, ती तीन-चार टीम्सनी वाटून वापरायची. वाटून म्हणजे कागदावर. वेळा लावून देणं, रजिस्टर ठेवणं हे काम माझं. मोठ्या साहेबांचा फोन आला की दुसऱ्याचं नाव खोडायचं, हेही माझंच.

यवतची रुक्साना तिथे एकटी काम करायची, तिच्यामागे टीम नव्हती. बाळंतपणानंतर नाळ टाकून देतात ना, तिच्यातल्या पेशी ती वाढवायची. इनक्युबेटरमधल्या, म्हणजे पेशी उबेत वाढवायच्या कपाटातल्या, तिच्या डिशेस मांडवगण फराट्याच्या एका बाईच्या नाळेच्या होत्या. त्या बाईचं बाळ नवव्या दिवशी गेलं. रुक्साना तिला भेटायला गेली आणि सांगून आली, नाळेतलं थोडं आमच्याकडे अजून जिवंत आहे.

महिन्याभराने रुक्साना भावाच्या लग्नासाठी सुट्टीवर गेली. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन... पुण्याच्या टीमला इनक्युबेटर हवाय, रिकामा करा. मी म्हटलं, ती येईपर्यंत थांबू या.

"तुम्ही मशीन सांभाळा," ते म्हणाले, "सायन्स आम्ही बघतो."

मी डिशेस काढल्या, त्यात ब्लीच ओतलं. पेशी ज्यात वाढतात ते गुलाबी पाणी पांढरं पडलं, ते सिंकमध्ये सोडून दिलं. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली – अकरा वाजून दहा मिनिटं. खोलीत मी एकटाच होतो. रुक्सानाला कळवायचं धाडस झालं नाही.

तीनच्या सुमाराला गेटवरून निरोप आला. बाहेर ती बाई उभी, सोबत सासरे. उभा जन्म मेंढरांमागे गेलेले आबा, माझ्यासमोर अवघडून उभे होते. म्हणाले, सुनेला लेकराचं बघायचंय, ऐकतच न्हाई.

ती मात्र अवघडली नव्हती.

"बाळ गेलं तरी पान्हा येत व्हता, साहेब. गोळ्या घेतल्या, थांबला न्हाई. आज अकराची एसटी गेली आन् एकदम आटला. म्हनलं, तिकडं कायतरी झालं."

मला रजिस्टरमधली वेळ आठवली. तरी मी म्हणालो, सगळं नीट आहे ताई... पण आत सोडता येत नाही, नियम आहे.

तिने माझ्या हातांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "कुठं टाकलं, तेवढं तरी सांगा."

मी आत निघून गेलो.

रुक्सानाने परत आल्यावर राजीनामा दिला. पुण्याच्या टीमचा पेपर छापून आला, साहेबांचा सत्कार झाला, हार मीच आणला होता. माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, पान्हा कधीतरी आटायचाच, योगायोग आहे. असेलही. पण मांडवगणात घरी असलेल्या बाईला ती नेमकी वेळ कशी कळली... मला आजही सांगता येत नाही.

ती पुन्हा कधी आली नाही. आली असती, तर मी गेटपर्यंत गेलो असतो की नाही, तेही सांगता येत नाही.