मेणाचा पाय

माझा गुडघा कधीच दुखत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं याच एका खोट्यावर उभं आहे, आणि शेवटासाठी राखून ठेवलं तर माझी जीभ पुन्हा अडखळेल. माणिकपूरच्या एका मेडिकलमध्ये मी नी-कॅप घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "घसरलात का मॅडम?" मी हो म्हटलं. एका अर्थाने ते खरंही होतं.

शाळेत असल्यापासून मी कराटे करते. लग्न झालं, मूल झालं, आम्ही वसईला राहायला आलो, माझी नोकरी सुटली, पण कराटे सुटलं नाही. कमरेचा काळा पट्टा इतका जुना झाला की कडांना आतलं पांढरं सूत दिसायला लागलं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये मी बायकांचा वर्ग घेते. सकाळी मात्र माझं एकटीचं असायचं. मारुतीच्या तसबिरीपुढे दिवा लावायचा आणि एक काता करायचा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेले वार आणि बचाव, समोर शत्रू नसताना. मला स्तोत्रं धड पाठ होत नाहीत, उपास झेपत नाहीत, तेव्हा हीच माझी पूजा. समुद्र ओलांडून गेलेल्या देवाला हातपाय हलवलेले आवडत असतील, असं मी मनाशी धरून चालले होते.

आणि मग माझं मन उडालं. काही घडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला सांगता आलं असतं. काहीच घडलं नाही. एका सकाळी काता करताना वाटलं, हे कशासाठी? दुसऱ्या सकाळी तेच वाटलं. शिळी पोळी चावत राहावं तशी मी काही दिवस करत राहिले. मग काता अर्धवट सोडू लागले, मग नुसता दिवा लावू लागले, आणि मग दिवा लावताना तसबिरीकडे बघायचं टाळू लागले. वर्गात मी शिकवत होते, पण तोंडाने. पाय उचलून दाखवायचा कंटाळा यायचा. एकदा एकीने काळजीने विचारलं, "मॅडम, हल्ली तुम्ही करून नाही दाखवत?" माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडघा." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या बायकांनी माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. खुर्ची आली म्हणून नी-कॅप आली.

खोटं बोलणं एक वेळ सोपं असतं, पण त्या खोट्यावर लोकांनी जीव लावला की मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझे यजमान, ज्यांची स्वतःची कंबर धरलेली असते, ते रोज झोपण्यापूर्वी माझ्या धडधाकट गुडघ्याला तेल चोळायचे आणि विचारायचे, "आता जरा बरं वाटतंय?" मी म्हणायची, "थोडंसं." शनिवारी मी मारुतीला रुईची माळ घालायला गेले तीही नी-कॅप चढवूनच, न जाणो वाटेत कुणी भेटलं तर! आणि देवापुढे हात जोडून मी काय मागितलं असेल? कुणाला कळू देऊ नकोस. तेवढंच मागितलं. बाहेर आल्यावर स्वतःची इतकी किळस आली की मी प्रसादाचं खोबरं रिक्षावाल्याला देऊन टाकलं.

आमच्या वर्गात मार्थाबाय म्हणून एक बाई आहेत. पाचूबंदरच्या, मासळी विकणाऱ्या. वयाने माझ्याएवढ्याच, अंगाने दणदणीत. उजवा पाय पुढे म्हटलं की त्यांचा हमखास डावा जातो आणि शेजारीण जीव वाचवायला बाजूला उडी मारते. कराटे त्यांना येत नाही आणि येईल असं मला वाटतही नाही. पण त्यांना एक गोष्ट फार आवडायची. वर्गात शिरताना आणि निघताना टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून कमरेतून वाकायचं असतं, ते त्या अगदी मन लावून करायच्या. माझा गुडघा धरल्यावर त्यांनी मला खेकड्याचं कालवण आणून दिलं, ते मी मिटक्या मारत खाल्लं. मग एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "टीचर, मी माऊलीशी बोललेय तुमच्यासाठी. आमच्या देवळाचा सन हाय. मेनाचा पाय ठेवायचाय."

"तुम्हीच ठेवा ना माझ्या नावाने," मी म्हटलं.

"तसं नाय चालत. ज्याचं दुखनं त्यानं आपल्या हातान ठेवायचं."

त्यांच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात आणि देवाच्या आईला माऊली. सणाला आम्ही हिंदूही जातो, मेणबत्ती लावतो, पापडी-खाजं घेऊन घरी येतो, त्यात काही नवल नाही. पण आजवर मी कुठल्याच देवाच्या पुढ्यात हातात खोटं घेऊन उभी राहिले नव्हते. नाही म्हणायला कारण शोधलं, सापडलं नाही. गुडघा दुखतो म्हणावं तर त्याच्यासाठीच तर जायचं होतं.

सणाच्या दिवशी भर उन्हात आम्ही दोघी गेलो. बाहेर मेणाच्या वस्तूंच्या टपऱ्या लागल्या होत्या. हात, पाय, डोकं, काळीज, ज्यांना मूल हवं त्यांच्यासाठी बाळ, ज्यांना घर हवं त्यांच्यासाठी लहानसं घर. मी त्या मांडलेल्या दुखण्यांवरून नजर फिरवत होते. ज्याचं मन उडालंय त्याने काय घ्यायचं? त्याचा साचा कुणी केलेला दिसला नाही. एवढ्यात मार्थाबायनी विचारलं, "टीचर, उजवा की डावा?"

मी म्हटलं, "उजवा."

मार्थाबाय माझ्या पायाकडे बघत होत्या. घाम येतो म्हणून मी नी-कॅप घरी आले की काढायची आणि बाहेर निघताना हाताला येईल त्या पायावर चढवायची. सलवार किंचित वर सरकली होती आणि नी-कॅपची कड दिसत होती. डाव्या पायावर. माझे कान तापले. मार्थाबायनी नजर टपरीकडे वळवली. टपरीवालीने एक पाय उचलून माझ्या हातात दिला आणि देवळाकडे हात करत म्हणाली, "घ्या बाय, सगळे एकाच साच्यातले. डावा-उजवा ती बघून घेते."

रांग मोठी होती. उन्हाने आणि हाताच्या उबेने मेण मऊ पडायला लागलं. माझा अंगठा नेमका गुडघ्यावर रुतला होता आणि तिथे खळगा पडत चालला होता. सारखं वाटत होतं, रांगेतून निघून जावं, तो पाय कुठेतरी टाकून द्यावा. पुढे एक म्हातारे गृहस्थ मेणाचं काळीज छातीशी धरून दर पावलाला दम खात होते. त्यांच्यामागे मी, पिकनिकला आल्यासारखी ठणठणीत. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

माऊलीच्या पुढे पोचले तेव्हा मी मारुतीपुढे जे बोलले नव्हते ते आपोआप बोलले, ओठ न हलवता. आई, हा पाय खोटा आहे. माझं दुखणं दुसरंच आहे. जे मला सगळ्यात प्रिय होतं ते मला नकोसं झालंय, आणि ते कसं परत आणायचं मला माहीत नाही. मी पाय ठेवला. मागून रेटा आला. बाजूला होताना पाहिलं, मार्थाबायनी क्रूसाची खूण केली, मग टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेतून वाकल्या. वर्गात वाकतात तशाच! आजूबाजूचे लोक बघत राहिले. आणि मी, जी दोन मिनिटांपूर्वी पळून जायचं म्हणत होते, तीही वाकले. मी ठरवलं नव्हतं. टाचा जुळल्या, पाठ सरळ झाली, मान खाली गेली. कित्येक महिने मी वर्गात हा नमस्कार केवळ उरकत होते. त्या दिवशी तो कुणीतरी माझ्याकडून करून घेतला. वर येताना मला रडू फुटलं. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या बाबतीत घडलं ते असं.

बाहेर मांडवाच्या सावलीत बसल्यावर मी सांगून टाकलं. "मार्थाबाय, माझा गुडघा दुखत नाही. कधीच दुखत नव्हता. मला करायची इच्छाच होत नाही."

त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. मग म्हणाल्या, "म्हंजे खेकडे फुकट गेले माजे." मला हसावं की आणखी रडावं कळेना. मी माफी मागितली. म्हटलं, तुम्ही माझ्या गुडघ्यासाठी बोललात आणि मी तुम्हाला माऊलीपुढे खोटं पाडलं.

"गुडग्यासाठी कोन बोललं?" त्या म्हणाल्या. "मला काय डॉक्टरकी कलते? मी बोलले, आई, माजी टीचर खुर्चीवरून उठूंदे. बस. तवरंच बोलले."

माझं खोटं त्या नवसाला शिवलंच नव्हतं. मी ज्यात अडकले होते नेमकं तेच त्यांनी मागितलं होतं, आणि ते मागताना त्यांना काहीही माहीत नव्हतं.

घरी जाऊन मी यजमानांना सांगितलं. त्यांनी तेलाची बाटली उचलून कपाटात ठेवली, आणि तो शांतपणा मला जितका झोंबला तितकं त्यांचं ओरडणं झोंबलं नसतं. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या कमरेला मी तेल चोळलं. पुढच्या वर्गाला मी नी-कॅपशिवाय गेले आणि सगळ्या बायकांपुढे उभी राहून खरं सांगितलं. दोघीतिघी रुसल्या, एक तर आठवडाभर आलीच नाही. तो राग मी कमावलेलाच होता. खुर्ची मी भिंतीला लावली. मग टाचा जुळवून वाकले आणि पहिला पाय उचलला. मन आलं नव्हतं. इतके महिने मी त्याची वाट बघत बसले होते, ते आलं की उठेन म्हणून. त्या दिवशी त्याला न विचारता उठले. मन परत द्यायचं की नाही हे देणारीने बघावं, माझ्या हातात पाय उचलणं आहे, तेवढं मी करते.

सकाळी पुन्हा दिवा लागतो, त्याच्यापुढे काता होतो. काही दिवस गोडी वाटते, काही दिवस अजिबात वाटत नाही. मारुतीच्या डोळ्यांत मात्र आता बघता येतं, आणि त्याच्याशेजारी सणातून आणलेली माऊलीची छोटी तसबीर आहे. दोघांचे उपकार मी वेगळे मोजत नाही. लाज अजून आहे, पण ती आता लपवावी लागत नाही. वर्गात ती प्लास्टिकची खुर्ची अजून तशीच असते, मार्थाबाय तिच्यावर आपली पिशवी ठेवतात. काल मी ओरडले, "मार्थाबाय, उजवा! उजवा पाय!" तोवर त्यांचा डावा पुढे गेला होता आणि शेजारणीने उडी मारली होती. त्या पाय तसाच हवेत धरून हसल्या आणि म्हणाल्या, "टीचर, डावा-उजवा ती बघून घेते!"