कडूशेठची सौम्य पावडर

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांविरुद्ध कडूशेठ इतकं बोलत, की ऐकणाऱ्याला एखादी गोळी खावीशी वाटे. बाजारामागच्या दोन खोल्यांत ते कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाची मुळं सावलीत वाळवून दळत आणि ती पावडर विकत. पावडर अस्सल होती. डबा उघडला की आधी शिंक यायची. धान्य पोखरणारे सोंडे तर आसपास फिरकत नसत. एवढ्यावर ते थांबले असते, तर त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही उरलं नसतं.

पण शेठना लोकप्रियतेची हौस. एक गिऱ्हाईक म्हणालं, "पीठ कडू लागतं हो." शेठनी पाला निम्मा केला. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, वासानं डोकं उठतं." वेखंडही उतरलं. घटलेलं वजन कोंड्यानं भरून निघालं. पाकिटावरचं हिरवं पान तेवढं वाढत गेलं. लोक महिन्यापुरतंच धान्य भरत, त्यामुळे सोंड्यांना संसार थाटायला सवड मिळत नसे. तक्रार कुणाचीच उरली नाही. कोंडा मिळू लागल्यावर सोंड्यांची कशाला असेल?

धाकट्या बहिणीनं मात्र बियाण्याचं पोतं सहा महिन्यांसाठी शेठकडे ठेवलं होतं. वडिलांच्या वेळचा गहू. तो वाण दुसरीकडे कुठेच उरला नव्हता.

"नीट राहील ना रे, दादा?"

"अगं, जग माझ्याकडून पावडर नेतं!"

पेरणीच्या तोंडावर ती आली. पोत्यात हात घातला, तर आत ऊब. बाहेर आलेल्या मुठीत पीठ होतं, आणि त्यातून सोंडे निवांत चालले होते.

"औषध घातलं होतंस ना?"

"घातलं की! सौम्य आहे. अजिबात कडू लागत नाही."

"मला पेरायचं होतं, दादा. खायचं कुठे होतं?"

शेठनी गोळ्यांच्या दुष्परिणामांवर बोलायला तोंड उघडलं. तोवर तिनं पाण्याची बादली ओढून पोत्यातलं थोडं धान्य त्यात ओतलं होतं. पोखरलेला दाणा तरंगतो, भरीव बुडतो. हे शेठच सगळ्यांना सांगत आले होते.

जवळजवळ सगळं वर आलं.

शेठ बाह्या सारून उकिडवे बसले आणि तरंगणारे दाणे तळहातानं खाली दाबू लागले. हात उचलला की दाणे पुन्हा वर.

"ढवळू नकोस," बहीण म्हणाली. "तळाला काही आहे का, ते तरी दिसू दे."