खाडीच्या गणितासाठी खालापूरला

सायली कातळावर उभी होती आणि कातळ बुडत होता.

नदीचं पात्र तिथे रुंद आहे. मघाशी ती ज्या गोट्यांवर पाय देत मधोमध गेली होती, ते गोटे आता दिसत नव्हते. पाणी आवाज न करता आलं होतं. कमरेचा दोर तिने कामात आडवा येतो म्हणून सोडून ठेवला होता. त्याचं एक टोक काठावर धर्माच्या हातात होतं आणि दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं.

सायली माझी नात. समुद्राचं काम करणारी मुलगी डोंगराच्या पायथ्याशी, नदीत काय करत होती, ते सांगायला हवं.

आमचं गाव पेणच्या खाली, खाडीला लागून. सायलीच्या कचेरीत संगणकावर सगळा किनारा मांडलेला आहे. भरती कुठवर येईल, पाणी किती खारट असेल, उधाण बांधावर कधी चढेल, ते संगणक आधी सांगतो. मग ही माणसं होडीतून खऱ्या खाडीत जाऊन बघतात. दोन्ही जुळलं तर ठीक, नाही तर संगणकाचं गणित सुधारायचं. आमची खाडी जुळत नव्हती. भर थंडीत संगणक सांगायचा पाणी खारट, आणि खाडीत गोडं पाणी मिसळलेलं. पावसाळा सरला की नदी आटते, असं त्या गणितात धरलं होतं. पाताळगंगा आटत नाही. घाटावरच्या धरणांचं पाणी नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरतं, तिथे वीज करून नदीत सुटतं आणि आमच्या खाडीला येऊन मिळतं. ते किती येतं आणि कधी येतं, हे मोजायला सायली निघाली. खालापूरकडे माझी धाकटी बहीण यमू राहते, म्हणून मीही गाडीत बसले.

शिळफाट्याला वडा खायला थांबलो. वडेवाल्याने गाडीतला लोखंडी दांडा बघून विचारलं, हे कशाला. सायली म्हणाली, समुद्राच्या कामाला.

"समुद्र तिकडं हाय, ताई," तो आम्ही आलो त्या रस्त्याकडे बोट करून म्हणाला. "गाडी उलटी आली का?"

सायली हसली. वडा आतून कच्चा होता. मी तसं सांगितलं, तेव्हा त्याने दुसरा दिला.

तिथून घाटाचा उभा कडा दिसतो आणि त्यावरून उतरलेले जाड नळ. एवढं पाणी बांधून खाली आणलेलं बघून मला भीती वाटली. सायलीला आनंद झाला. तिने वीजघरात जाऊन चौकशी केली. पाणी सुटण्याची वेळ रोज एक नसते, असं तिथे सांगितलं. सुटण्याआधी भोंगा होतो. तो ऐकला की नदीतून बाहेर यायचं.

यमूचं घर कारखान्यांच्या बाजूला, नदीपासून हाकेवर. तिने पोपटी लावली होती (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वाफवलेल्या वालाच्या शेंगा). पोपटी चांगली झाली होती. मी नेलेली सुकट मात्र तिने हुंगली आणि म्हणाली, "जुनी हाय गं." जुनी नव्हती. यमूला कशात तरी खोट काढल्याशिवाय राहवत नाही. तिचा दिवस कंपनीच्या भोंग्यावर चालतो. एका भोंग्याला ती चूल पेटवते, एकाला भात उतरवते. घरात घड्याळ आहे, ते बंद आहे.

सकाळी दोर धरायला धर्मा आला. वरच्या ठाकरवाडीतला, यमूच्या शेतावर कामाला येणारा माणूस. समुद्राला पाणी कमी पडलं काय, म्हणून हिकडं आलात, असं त्याने सायलीला विचारलं. ती म्हणाली, जास्त पडतंय, आणि कुठून ते कळत नाही.

पाणी पोटरीएवढंच होतं. कातळावर दांडा रोवून सायलीने वेग मोजणारा डबा पाण्यात सोडला. डबा कळशीएवढा. मी आणि यमू काठावर बसून उरलेल्या शेंगा सोलत होतो. भोंगा झाला. सायली लगेच ताठ झाली आणि आमच्याकडे बघू लागली.

"कंपनीचा हाय तो, जेवणाचा," यमू ओरडली. "तू कर तुजं काम."

सायली पुन्हा वाकली. यमू सुनेच्या तक्रारी सांगत होती, ती मध्येच थांबली. यमू कधी मध्ये थांबत नाही.

"आज गुरुवार हाय गं," ती हळू म्हणाली. "कंपनी बंद हाय."

आम्ही उठलो तोवर गोटे गेले होते.

धर्माने दोर फेकला, तो आखूड पडला. ओढून घेऊन त्याने पुन्हा फेकला. सायलीने एका हाताने धरला. दुसऱ्या हाताने तिने डबा उराशी घेतला होता. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं होतं.

"डबा टाक," मी म्हणाले.

"आजी, हेच पाणी हवं होतं. आत्ता चढतंय त्याची सगळी नोंद यात आहे."

"टाक म्हणते ना."

"वर्षभर हेच शोधतोय आम्ही."

"मग तुझ्या आईला मी काय देऊ? डबा?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि डबा सोडला. दोर काखेखालून घेऊन गाठ मारली. एक पाऊल टाकलं, आणि लगेच तिचे पाय सुटले. धर्माने दोर मनगटाला गुंडाळला होता. दोराला हिसका बसला तसा तो आडवा पडला आणि काठाकडे ओढला गेला. मी त्याची कंबर धरली, यमूने माझा पदर आणि एक करंजाचं मूळ. आमच्यानं ती वर ओढली जात नव्हती. आम्ही नुसते धरून राहिलो. पाण्यानेच तिला फिरवून खालच्या वळणावर काठाला लावलं. ती ओकली, मग खोकली. धर्मा ओरडत होता. त्याचा खांदा निखळला होता.

आम्ही त्याला खोपोलीला दवाखान्यात नेलं. यमू पुढे बसली होती. वाटेत ती मान वळवून कंपनीच्या बंद फाटकाकडे बघत राहिली.

डबा मिळाला नाही. सायलीच्या कचेरीने दुसरा आणला. तो आता पुलाला टांगलाय, नदीत कोणी उतरत नाही. वीजघरातून सुटणारं पाणी संगणकाच्या गणितात घातलं आणि आमची खाडी बरीचशी जुळू लागली, असं ती सांगते. गेल्या उधाणाला गावात आधी निरोप आला, तो बरोबर निघाला. लोकांनी बांधावरची जाळी वेळेत उचलली. चौथी शिकलेल्या बाईला यातलं जेवढं कळायचं तेवढं कळलं.

सायली वाचली. धर्मा वाचला; त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.