मागच्या दाराच्या चपला

देवळाच्या पायरीशी चप्पल काढताना कधी तुमच्या मनात आलं का, की ती चप्पल तुमची चहाडी करू शकते?

चोपड्याच्या एका दत्तमंदिराबाहेर झुंबरबाई वीस वर्षं चपला राखते. टोकन नाही, चिठ्ठी नाही. माणूस पायऱ्या उतरायच्या आत त्याचा जोड पुढ्यात. कुणाची टाच कुठल्या बाजूने झिजते, कुणाच्या चपलेचा अंगठा कधी तुटला, सगळं तोंडपाठ.

तिला एकच जागा खुपायची. देवळामागची खोली. पूर्वी तिथे भंडाऱ्याची पातेली असायची. अकरा वर्षांपूर्वी भजनी मंडळाच्या पाच बायकांनी ती ट्रस्टकडून मागून घेतली आणि पाटी लावली : दत्तकृपा समुपदेशन केंद्र. मंगळवार, शनिवार. मोफत. मोफत म्हटल्यावर झुंबरबाईचा डोळा बारीक झाला. फुकट कोण काय देतं? आधी तिला वाटलं, अंगारे-धुपारे असतील. मग बुरखेवाल्या बायकाही येताना दिसल्या, तेव्हा भलतंच काही वाटलं. मग गावच म्हणायला लागलं, घरं फोडतात. ते मात्र तिला लगेच पटलं.

तरी बायका पुढून यायच्या, चपला तिच्याकडे ठेवायच्या, तोवर तिची नजर होती. दोन वर्षांपूर्वी केंद्राने गल्लीकडचं मागचं दार उघडलं आणि नियम काढला. चपला पिशवीत घालून आत न्यायच्या. देवाच्या भिंतीला लागून चपला.

"माले चोर समजतस का, बाई?" तिने केंद्र चालवणाऱ्या पुष्पाबाईंना भर पायरीवर गाठलं. पुष्पाबाई निवृत्त शिक्षिका.

"नाही हो, अक्का," एवढंच त्या बोलल्या. लपवायला काही नसेल तर माणूस घडाघडा बोलतो, हे झुंबरबाईचं गणित.

तिचा जावई ललित तसा बोलका. बायको माहेरी आली का, हे विचारायला धरणगावहून दिवसातून दोनदा त्याचा फोन. "मामी, ज्योती तुमनाकडे उनी शे का? नही? बरं."

फोन ठेवला की झुंबरबाई शेजारच्या फुलवाल्या वनाला ऐकवायची, "देख, बायकोनी कितली काळजी."

"मन्ही बायको तर मी घर उनू का नही, तेबी इचारत नही," वना म्हणायचा.

श्रावणातल्या एका मंगळवारी तिचं डोकं फिरलं. गाभाऱ्यामागचं दार ढकलून ती थेट आत शिरली. पुढे पडदा, पडद्याआड बायकांचे दबके आवाज. अलीकडे खुंट्यांवर पिशव्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं तिने एकेक अक्षर लावत वाचलं : या खोलीत कुणाला ‘सांभाळून घे’ म्हणायचं नाही.

घरं फोडतात, हे आता लिहूनच सापडलं. तिने हाताला आली ती पिशवी ओढली. आज या चपला उचलून चौकात मांडायच्या, असं ठरवूनच आली होती.

पिशवीतून निळा पट्टा बाहेर आला. पट्ट्यावर लाल दोऱ्याचे चार टाके.

ते टाके तिनेच आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घातले होते. ज्योती माहेरी आली होती, चप्पल तुटली होती. शिवता शिवता पोरगी काही सांगायला लागली, तेव्हा हीच म्हणाली होती, "सांभाळी ले, बेटा."

पडदा सारून पुष्पाबाई बाहेर आल्या. झुंबरबाईच्या हातात चप्पल बघून त्यांनी आवाज खाली घेतला. "आमच्या भजनात बेबाबाई झांज वाजवायची. एका गुरुवारी हाताला पट्टी बांधून आली. आम्ही म्हणालो, हळू वाजव. पुढच्या गुरुवारी केळीच्या मळ्यातल्या विहिरीत सापडली. कुणी काही विचारलंच नव्हतं तिला. म्हणून ही खोली."

"आनी चपला?"

पुष्पाबाईंनी मागचा पडदा नीट ओढून घेतला. "इथे यायची त्या हेमांगीची चप्पल आहे का म्हणून दोन वर्षांपूर्वी एकाने तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही जोड उचलून दाखवलात."

"दखाडी व्हती. तिनीच व्हती ना."

"तिचीच होती. त्यानंतर ती कधी आली नाही."

झुंबरबाईने चप्पल पिशवीत घातली, पिशवी खुंटीला लावली. पडद्याकडे बघितलं, पण आत गेली नाही. पायरीशी येऊन बसली.

अर्ध्या तासात ललितची मोटरसायकल आली. "मामी, ज्योती आठे उनी का? घरले कुलूप शे." बोलता बोलता तो मांडलेल्या चपलांवरून एकेक करत नजर फिरवत होता. ही त्याची सवय झुंबरबाईला आज पहिल्यांदा दिसली.

"बठ्ठ्या चपला तुमना समोर शेतस," ती म्हणाली. "उनी नही ती."

वीस वर्षांत चपलेबाबत ती पहिल्यांदा खोटं बोलली.

"काय काम व्हतं तिनाकडे?" तिने विचारलं.

"काही नही. सहजच." आणि मोटरसायकल समोरच्या टपरीशी जाऊन उभी राहिली. कुणी सहज एवढा वेळ उभं राहत नाही. झुंबरबाईने आपलं पोतं उचललं आणि मागच्या गल्लीच्या तोंडाशी अंथरलं. "इकडल्या चपला तू देख," तिने वनाला सांगितलं.

आता दर मंगळवारी, शनिवारी ती तिथेच बसते. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला कोण, कुठला, काय काम, विचारते. ललितचे फोन तिला अजून येतात. ज्योती सध्या कुठे आहे, ते इथे लिहायचं नाही.

आणि तुम्हाला उद्या कुणी काळजीच्या आवाजात विचारलं, ती कुठे आहे, तर सांगू नका. आधी तिला विचारा.