रक्तदाबात पहिला नंबर

स्वप्ना कांबळे हसायला लागली की आमच्या आरोग्य केंद्रातली रांग आधी दचकते आणि मग कारण न विचारता तिच्याबरोबर हसते. मी तिथला औषधवाला. खिडकीच्या आत बसून गोळ्या मोजून देणं हे माझं काम, आणि तोंड वाकडं करून बसणं हा माझा स्वभाव, असं आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात. पण स्वप्ना खिडकीवर आली की माझं तोंड आपोआप सरळ होतं, हे कबूल करायला हवं.

ती टेंभरवाडीची आशाताई, आमचं केंद्रही तिथलंच. शिराळ्याहून वर डोंगराकडं निघालं की अर्ध्या तासात हे गाव लागतं. तिचं वय बेचाळीस, नवरा धम्मपाल कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला, दर शनिवारी मोटारसायकलवर घरी. गावात कुणाच्या पोटात बाळ आहे, कुणाच्या पोटात दारू आहे आणि कुणाच्या पोटात काहीच नाही, हे तिला दारातूनच कळतं. चालते इतक्या वेगानं की तिच्याबरोबर घरभेटीला गेलेलं कुणी दुसऱ्यांदा जायचं नाव काढत नाही. मीही एकदा गेलो होतो. तिसऱ्या गल्लीत मी एका ओट्यावर बसलो आणि तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, "सर पेशंट म्हणून आल्यात."

ह्या स्वप्नाचा गावात एक हक्काचा माणूस, ज्ञानू वस्ताद. बारा वर्षांपूर्वी ती नवीन आशाताई झाली तेव्हाच्या पहिल्याच बाळंतपणाला ओढा भरून वाहत होता आणि जीप पलीकडच्या काठाला. गावातले बाप्ये काठावर उभे राहून सल्ले देत होते. वस्तादांनी कुणाला काही विचारलं नाही. कळा देणारी बाई लहान लेकरासारखी उचलली आणि छातीभर पाण्यातनं पार नेली. मागनं स्वप्ना, त्यांच्या पटक्याचं टोक धरून. तेव्हापासून ती त्यांना आण्णा म्हणते, ते तिला स्वप्ने म्हणतात. वस्ताद आता एक्काहत्तर वर्षांचे, वजन एकशे दहा किलो, आणि गावची तालीम अजून त्यांच्याच धाकात.

आता त्या अॅपची गोष्ट. माझ्या मोबाइलमध्ये अशी अकरा अॅप आहेत आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी बोलत नाही, त्यामुळे बारावं येतंय म्हटल्यावर मी आधीच पेटलो होतो. पुण्याच्या एका कंपनीनं रक्तदाबाची चाळीस यंत्रं आणून गावातल्या चाळीस पेशंटांना दिली. पट्टा दंडाला बांधायचा, बटण दाबायचं, आकडा आपोआप अॅपमध्ये जाणार आणि यादी तयार होणार. ऋषिराज नावाचा इंजिनीअर सगळं समजावून सांगायला आला होता. पोरगा गुणी, बुटाला चिखल लागला तरी कुरकुर नाही. त्यानं यादी अशी बनवली होती, की ज्याचा आकडा सगळ्यात मोठा त्याचं नाव सगळ्यात वर, आणि एकशे चाळीसच्या वरची सगळी नावं लाल पट्टीत. धोक्यातला माणूस डॉक्टरांच्या नजरेला आधी पडावा म्हणून. ह्यात चूक काढायला मलासुद्धा जागा नव्हती.

यादी दाखवायला एक मोठा टीव्हीही आला. तो खरा डॉक्टर मॅडमच्या खोलीत लागायचा, पण तिथल्या भिंतीला ओल होती. म्हणून तात्पुरता समोर ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात लावला. लोकांचे आजार असे चव्हाट्यावर मांडू नयेत, हे आम्हा शिकलेल्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ह्याची मला अजून लाज वाटते.

आमच्या भागात निवडणूक असो नाहीतर कुस्तीचं मैदान, ज्याचं नाव वर तो जिंकला, आणि जो जिंकला तो गुलालानं लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही चालू झाला. सगळ्यात वर, लाल पट्टीत: ज्ञानू वस्ताद, १९८.

तालमीतल्या पोरांनी आरोळी ठोकली. दुपारपर्यंत वस्तादांच्या गळ्यात हार पडला आणि तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. पटका, गदा, मिशीला पीळ, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, "रक्तदाबात गावात प्रथम क्रमांक. हार्दिक अभिनंदन!" शुभेच्छुकांचे सतरा फोटो होते. ऋषिराज त्या दिवशी एसटीतून उतरला, फ्लेक्स बघितला आणि तिथंच बॅगेवर बसला. त्याला पाणी आणून द्यावं लागलं.

"ताई, ह्यांना कुणीतरी सांगा ना," तो स्वप्नाला म्हणाला. ती हसता हसता खांब धरून खाली बसली होती. डोळे पुसत म्हणाली, "सांगते. पन आदी पोटभर हसू द्या, मग रडायचंच हाय."

रडायची वेळ लवकर आली. सुभेदार ज्योतिबा मोरे म्हणजे आमचा आदर्श पेशंट. फौजेतून निवृत्त, सकाळी सहाला गोळी, सातला फिरणं, आकडा एकशे अठ्ठावीस. यादीत तो एकोणचाळिसावा आला. त्याच्या खाली फक्त बायजाकाकू, आणि त्या आजारपणानं अंथरुणावर.

"अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली," तो माझ्या खिडकीवर येऊन ओरडला, "आन् शेवटनं दुसरा? मला नगं तुमची गोळी!"

त्यानं गोळी बंद केली. खर्डा, पापड, सुकी मासळी असा खुराक धरला. रोज सकाळी देवळाच्या पायऱ्या धावत चढायचा आणि धापा टाकत पट्टा बांधायचा. आठ दिवसांत एकशे एकाहत्तर. त्याच्या बायकोनं पेढे वाटले, आणि संतापाच्या भरात मीही एक खाल्ला. त्याचं बघून आणखी सहाजणांनी गोळ्या सोडल्या. माझ्या कपाटात गोळ्या पडून राहिल्या आणि गावात सगळे एकमेकांना "आज किती?" म्हणून विचारत फिरायला लागले.

पण स्वप्नाचा जीव टांगणीला लागला होता तो आण्णांसाठी. डॉक्टर मॅडम दोनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. दोन्ही वेळा वस्तादांनी त्यांना तांब्याभर दूध पाजलं आणि पन्नास बैठका मारून दाखवल्या. "मला काय हुतंय? डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. आन् पयला नंबर हाय." तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातातून दोनदा तांब्या निसटला. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. स्वप्नानं ते पाहिलं होतं. त्या दिवशी ती माझ्या खिडकीवर आली तेव्हा पहिल्यांदाच हसत नव्हती.

"सर, आण्णा पडणार. एक दिस आडवं हुणार आन् लोक म्हणणार, पयला नंबर हुता."

तिनं माझ्यासमोरच ऋषिराजला फोन लावला. "यादी उलटी करा. लहान आकडा वर."

तो बिचारा कळवळून सांगायला लागला. यादीचा क्रम डॉक्टरांच्या समितीनं ठरवला होता, तो बदलायचा तर पुन्हा चाचणी, पुन्हा मंजुरी, कमीत कमी दोन महिने.

"दोन महिने तुमच्या समितीकडं असतील," ती म्हणाली. "आण्णाकडं हायत का ते मला म्हाईत न्हाई." फोन ठेवून ती थेट ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात गेली आणि टीव्हीची वायर काढून पिशवीत घालून घरी घेऊन गेली. सरपंच वायर मागायला गेले तर म्हणाली, "उंदरानं न्हेली." पण लोकांना आता टीव्हीची गरजच उरली नव्हती, आकडे तोंडपाठ झाले होते.

रविवारी तालमीची पोरं निवड चाचणीला निघणार होती. जायच्या आधी वस्ताद स्वतः प्रत्येकाचं वजन करतात. तालमीबाहेरच्या ओट्यावर काटा असतो, शेजारी काळा फळा. ज्याचं वजन गटापेक्षा जास्त भरेल त्याचं नाव फळ्यावर, पुढं एकच शब्द, बाद. वजन उतरवायला पोरं दोन दिवस उपाशी राहतात, उन्हात पळतात, थुंकून थुंकून तोंडं कोरडी करतात, शेवटी डोक्याचं टक्कलही करतात. गेल्या साली वस्तादांनी सख्खा नातू शिवतेजला दोनशे ग्रॅमसाठी घरी पाठवला होता. सुनेनं महिनाभर अबोला धरला, तरी ते हलले नाहीत.

त्या सकाळी स्वप्ना तिथं यंत्राची पेटी घेऊन गेली, आणि कधी नव्हे तो मीही गेलो. ओट्याभोवती निम्मं गाव जमलं होतं. सुभेदार पहिल्या रांगेत. फळ्यावर एका पोराचं नाव लागून गेलं होतं आणि ते पोरगं भिंतीकडं तोंड करून उभं होतं.

"वस्ताद, एक इचारू?" स्वप्ना म्हणाली. आण्णा नाही, वस्ताद.

"इचार की."

"आकडा वर गेला तर पैलवान पयला का बाद?"

"बाद."

"लय थोडा गेला तर?"

"ग्रॅमभर गेला तरी बाद. काय इचारतीस खुळ्यागत!"

"आन् पैलवान म्हणला, मला काय हुतंय, मी बैठका मारून दावतो, तर?"

वस्ताद गरजले, "मारू दे की हजार! काटा दावतोय ते खरं."

तिनं पेटी उघडली. "ह्यो बी काटाच हाय. डॉक्टरांनी ठरवल्याला गट एकशे चाळीसचा. बसा."

वस्तादांनी तिच्याकडं बघितलं. मग पोरांकडं बघितलं. पन्नास पोरांसमोर वस्तादाला काट्यावर बसायला नाही म्हणता येत नाही. ते बसले. दंडाला मोठा पट्टाही जेमतेम पुरला. यंत्र घरघरलं आणि थांबलं. स्वप्नानं आकडा मोठ्यानं वाचला, "एकशे चौऱ्याण्णव."

आज आरोळी झाली नाही. वस्ताद पुटपुटले, "मी काय कुस्ती धराय निघालोय व्हय गं?"

"आण्णा," ती म्हणाली, "त्या बाईला तुमी वढ्यातनं उचलून न्हेली. तुमी पडल्यावर तुमास्नी कोण उचलंल? एकशे धा किलोचं धूड हाय. माज्यानं तर न्हाईच हुणार. आन् मला तुमी पायजेसा."

मागं एक पोरगं फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी धूळ गेल्यासारखं पुसलं.

वस्तादांनी पट्टा सोडला. उठले, खडू घेतला, आणि त्या पोराच्या नावाखाली सावकाश अक्षरं काढली, "ज्ञानू." पुढं लिहिलं, "बाद." भिंतीकडं तोंड करून उभं राहिलेलं पोरगं वळून बघायला लागलं. वस्ताद सुभेदाराकडं वळले. "ज्योतिबा, तुझं किती?" सुभेदार उठून पळायच्या बेतात होता. पोरांनी त्याला धरून बसवलं.

त्यानंतरचा दीड महिना मी आयुष्यात विसरणार नाही. डॉक्टर मॅडमनी तपासून गोळी लिहून दिली आणि दुसऱ्या सकाळी माझ्या खिडकीसमोर आठ पेशंट तालमीच्या शिस्तीत उभे. वजन उतरवायचं म्हटल्यावर ह्या लोकांना काही शिकवावं लागत नाही. वस्तादांनी लोणच्याची बरणी सुनेकडं देऊन टाकली, पापडाला हात लावेनात. पण उतावळेपणा काही गेला नव्हता. चौथ्या दिवशी आले आणि म्हणाले, "एका गोळीनं चार उतरतंय तर चार गोळ्या दे, आजच गटात बसतो." मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्यांच्यावर ओरडलो. एकशे दहा किलोच्या माणसावर! ते निमूट एक गोळी घेऊन गेले आणि मला दिवसभर उगाच छाती फुगल्यासारखं वाटत राहिलं. संध्याकाळी स्वप्ना घरी जाऊन गोळी घेतली का बघायची, जीभ वर करायला लावून.

एकशे ऐंशी. एकशे बासष्ट. एकशे एकोणपन्नास, तिथं आठ दिवस अडलं आणि वस्ताद घरात कुणाशी बोलेनात. मग एका मंगळवारी एकशे अडतीस. स्वप्नानं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा गटात.

त्याच आठवड्यात ऋषिराजचा फोन आला. स्वप्ना तेव्हा तालमीच्या वाटेवर होती, मी सोबत. घरभेटीला पुन्हा जायला लागलो होतो, काय करणार. पलीकडून तो चाचरत सांगायला लागला. त्यांच्या ऑफिसातल्या पडद्यावर फक्त लाल नावं येतात. ज्ञानू वस्तादांचं नाव त्याला चार दिवस दिसत नव्हतं, आणि विचारायला त्याचा धीर होत नव्हता.

"ताई, आण्णांचं... म्हणजे काही बरं-वाईट तर..."

स्वप्ना रस्त्यातच थांबली. नुसता हात लांब करून मोबाइल तालमीच्या खिडकीकडं धरला. आत वस्ताद कुणाला तरी बेंबीच्या देठापासून शिव्या घालत होते.